आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) की आरटीएक्स ४०६० (८ जीबी)? चित्ररथांची थ्रीडी कामे आणि नाटकांचे संकलन यांसाठी सल्ला हवा

चित्ररथवाला, फोंडा

सर्वांना नमस्कार. माझ्या कॉम्प्युटरचे ग्राफिक्स कार्ड बदलायचे आहे आणि गेले पंधरा दिवस मी दोन कार्डांपाशी अडकून पडलो आहे. एक एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६०, १२ जीबी मेमरीचे; दुसरे त्याच घराण्यातले पुढच्या पिढीचे आरटीएक्स ४०६०, ८ जीबीचे.

माझे काम दोन हंगामांचे आहे. जत्रा-काल्यांचे दिवस सुरू झाले की देवळांच्या प्रांगणात आणि इथल्या राजीव गांधी कला मंदिरात होणाऱ्या मराठी नाटकांचे तीन कॅमेऱ्यांनी चित्रण करून मी त्यांचे संकलन करतो. त्यासाठी दा विंची रिझॉल्व्हची विकत घेतलेली स्टुडिओ आवृत्ती वापरतो. शिगम्याच्या आधीचे दीड-दोन महिने मात्र ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये जातात. मंडळे चित्ररथ बांधायला घेण्यापूर्वी तो रस्त्यावर कसा दिसेल, नागाचा फणा किती उंच उठेल, राक्षसाचा हात कोणत्या सांध्यातून वळेल आणि तो वर असताना विजेच्या तारांना लागणार तर नाही ना, हे सगळे त्यांना आधी पडद्यावर पाहायचे असते.

सध्याचा कॉम्प्युटर असा आहे: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम, ४५० वॅटचा जुना एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि ४ जीबीचे जीटीएक्स १०५० टीआय. गेल्या शिगम्याला या कार्डाने अगदी ऐनवेळी हात टेकले. दृश्य पूर्ण झाल्यावर रेंडरचे, म्हणजे त्याचे अंतिम चित्र तयार करण्याचे, बटण दाबले की मेमरी अपुरी असल्याचा संदेश येऊन काम तिथेच थांबे. शेवटी प्रोसेसरवर रेंडर लावले, तर एकेका फ्रेमला अकरा मिनिटे लागू लागली. वीस सेकंदांच्या चलचित्राऐवजी मला मंडळापुढे सहा स्थिर चित्रे ठेवावी लागली आणि फण्याची हालचाल हातवारे करून समजावून सांगावी लागली.

आता प्रश्न. ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये आले, ४०६० जून २०२३ मध्ये. तरीही कागदावर पाहावे तर जुन्या कार्डात कोअर (गणिते करणारे घटक) जास्त, मेमरी जास्त, बस (मेमरीकडे जाणारी वाट) रुंद. नव्यात हे तिन्ही कमी, आणि तरीही जो तो नवे कार्ड वेगवान असल्याचे सांगतो. हे कसे काय? मडगावच्या एका दुकानदाराने तर माझे काम काय आहे हे न विचारताच ४०६० पुढे केले. दोन्हींच्या भावात साधारण तीन हजार रुपयांचा फरक आहे, तेव्हा किमतीवरून निर्णय होत नाही. आणखी एक अडचण म्हणजे आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून चार वेळा डोळे मिचकावते आणि माझा यूपीएस ६०० व्हीएचा आहे.

कुळागर

आपला गोंधळ रास्त आहे. ही दोन कार्डे एकाच घराण्यातली असली तरी त्यांची घडण दोन वेगळ्या हिशेबांनी केलेली आहे, त्यामुळे एकाची संख्या दुसऱ्याच्या संख्येशेजारी ठेवून लहान-मोठे ठरवायला गेले की फसगत होते.

आधी कोअर घेऊ. ३०६० मध्ये ३५८४ कूडा कोअर आहेत आणि त्यांचा बूस्ट वेग सुमारे १.७८ गिगाहर्ट्झ आहे. ४०६० मध्ये कोअर ३०७२, म्हणजे बरोबर एक सप्तमांश कमी. पण वेग २.४६ गिगाहर्ट्झ, म्हणजे जवळजवळ ३८ टक्के अधिक. प्रत्येक कोअर एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज अशा दोन क्रिया करतो असे धरून गुणाकार केला की ३०६० ची कमाल क्षमता १२.७ टेराफ्लॉप (सेकंदाला तितक्या लाख कोटी क्रिया) निघते आणि ४०६० ची १५.१. माणसे कमी केली, पण प्रत्येकाचा हात चपळ केला, असा हा प्रकार आहे. हे शक्य झाले ते चिप घडवण्याच्या तंत्रामुळे. ३०६० ची चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवर होते आणि तिचे क्षेत्रफळ २७६ चौरस मिलिमीटर आहे. ४०६० ची चिप टीएसएमसीच्या ४एन प्रक्रियेवर, अवघ्या १५९ चौरस मिलिमीटरमध्ये बसवली आहे. त्यामुळेच एवढ्या वेगाने पळूनही ४०६० ची वीजमर्यादा ११५ वॅट आहे आणि ३०६० ची १७० वॅट.

आता बस. ३०६० ची बस १९२ बिटची, आणि प्रत्येक बिटच्या वाटेवरून सेकंदाला १५ गिगाबिट जातात. गुणून आठने भागले की ३६० जीबी प्रतिसेकंद ही बँडविड्थ येते. ४०६० ची बस १२८ बिटची आणि वाटेचा वेग १७ गिगाबिट, म्हणून २७२ जीबी प्रतिसेकंद. इथे नवे कार्ड सरळ सरळ मागे आहे, आणि तरीही ते अडखळत नाही याचे कारण चिपच्या पोटातली एल२ कॅश, म्हणजे हाताशी असलेली छोटी, वेगवान मेमरी. ती ३०६० मध्ये ३ एमबी आहे आणि ४०६० मध्ये २४ एमबी. ज्या स्वयंपाकघरात चुलीजवळची फळी ऐसपैस आहे, तिथल्या बाईला खोबरे आणि कोकम आणायला दर वेळी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जावे लागत नाही, मग बाजाराचा रस्ता अरुंद असला तरी तिचे अडत नाही. ४०६० चे तसे आहे. वारंवार लागणारी माहिती फळीवरच सापडते, म्हणून अरुंद बस झाकली जाते. १०८०पी वर खेळांत ते ३०६० पेक्षा साधारण २० टक्क्यांनी पुढे राहते आणि ब्लेंडरच्या रेंडरमध्ये फरक याहून थोडा अधिकच पडतो.

पण फळी कितीही मोठी केली तरी कोठार, म्हणजे कार्डाची मेमरी, मोठे होत नाही, आणि आपला प्रश्न कोठाराचा आहे. आपले काम गेल्या वर्षी थांबले ते कार्ड हळू होते म्हणून नव्हे. दृश्य त्यात मावले नाही म्हणून. तेव्हा ‘कोणते कार्ड वेगवान’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि आधी आपले दृश्य किती जागा घेते ते मोजा.

मोजण्याची रीत सांगतो. टेक्श्चरची, म्हणजे आकृतीच्या पृष्ठभागावर चढवायच्या चित्राची, फाइल डिस्कवर पाच एमबीची जेपीजी असली तरी कार्डाच्या मेमरीत ती उलगडूनच ठेवावी लागते. ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेल, प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे एका ४के टेक्श्चरला ६४ एमबी. ८के असेल तर त्याच्या चौपट, २५६ एमबी. २के असेल तर केवळ १६. आपल्या दृश्यात अशी किती आहेत ते मोजून बेरीज करा, आणि प्रोसेसरवर केलेल्या रेंडरच्या माहितीत ‘पीक’ म्हणून मेमरीचा जो आकडा येतो तो शेजारी मांडा. बेरीज आठच्या बरीच खाली आली तर ४०६० घ्या आणि सुखी राहा. आठच्या आसपास किंवा वर गेली तर मग बोलू.

मांडवीकाठ, पणजी

कुळागर सरांचे गणित मान्य करूनही मी ४०६० च्या बाजूने मत नोंदवतो. माझ्याकडे हे कार्ड गेली दोन वर्षे आहे आणि १०८०पी वर मला कधी कमी पडलेले नाही. शिवाय दोन गोष्टी ३०६० मध्ये नाहीतच. पहिली म्हणजे डीएलएसएस ३ ची फ्रेम जनरेशन, जिच्यात कार्ड दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक फ्रेम स्वतः तयार करून घालते. ती ४० च्या मालिकेपासूनच मिळते. दुसरी म्हणजे एव्ही१ या व्हिडिओ-फॉरमॅटमध्ये एन्कोड करण्याची, म्हणजे फाइल लिहिण्याची, सोय. ३०६० एव्ही१ वाचते, पण लिहू शकत नाही. अडीच तासांचे नाटक यूट्यूबवर चढवायचे असेल तर तेवढ्याच दर्जासाठी फाइल लहान होते आणि आमच्या वाड्यावरच्या इंटरनेटवर याचे महत्त्व ज्याचे त्याला ठाऊक. शिवाय २०२१ चे कार्ड आज घेणे मला तरी पटत नाही. त्यापेक्षा सरळ ५०६० का पाहू नये?

कुळागर

एव्ही१ चा मुद्दा योग्य आहे आणि तो मी लिहायला हवा होता. फ्रेम जनरेशन मात्र या चर्चेत आणू नये, कारण तिचा ब्लेंडरच्या रेंडरला किंवा रिझॉल्व्हला काडीचाही उपयोग नाही. ती खेळांसाठी आहे, आणि खेळांतसुद्धा ती स्वतःसाठी मेमरी मागतेच.

५०६० बद्दल. ते मे २०२५ मध्ये २९९ डॉलरना जाहीर झाले, म्हणजे ४०६० ज्या किमतीला आले होते त्याच किमतीला. कोअर ३८४०, नवी जीडीडीआर७ मेमरी, बँडविड्थ ४४८ जीबी प्रतिसेकंद, वीज १४५ वॅट. वेगात ते या दोघांनाही मागे टाकते. पण मेमरी पुन्हा ८ जीबीच. १६ जीबी हवी तर ५०६० टीआय घ्यावे लागते, ज्याच्या १६ जीबी आवृत्तीची जाहीर किंमत ४२९ डॉलर होती. प्रश्नकर्त्याला तेवढा खर्च झेपत असेल तर माझे उत्तर तेच राहील आणि ही चर्चा इथेच संपेल. तसे असते तर त्यांनी ३०६० चा विचार केला नसता, असे मी गृहीत धरतो.

जाता जाता संकलनाचेही सांगतो. आपले कॅमेरे १० बिट ४:२:२ एचईव्हीसीमध्ये (रंगांची अधिक माहिती ठेवणाऱ्या फॉरमॅटमध्ये) चित्रण करत असतील, तर ते चित्रण हार्डवेअरवर उलगडण्याची सोय ३०६० मध्येही नाही आणि ४०६० मध्येही नाही. एनव्हिडियाने ती ५० च्या मालिकेत आणली. यांपैकी कोणतेही कार्ड घेतले तरी तीन कॅमेऱ्यांची टाइमलाइन आपल्या प्रोसेसरवर अडखळणारच; प्रॉक्सी, म्हणजे संकलनापुरत्या हलक्या प्रती, करून घ्याव्यात. कार्डाला दोष देऊ नये.

एक गोष्ट मात्र दोघांनीही विचारात घेतलेली दिसत नाही. ४०६० स्लॉटमध्ये पूर्ण लांबीचे बसते, पण पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या जोडणीच्या, सोळापैकी आठच वाटा वापरते. पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या बोर्डावर ते चालून जाते. बी४५० वर ग्राफिक्सचा स्लॉट ३.० चा आहे, त्यामुळे तिथे आठ वाटांवरून सेकंदाला सुमारे ७.९ जीबीच जातात. कार्डाची मेमरी भरेपर्यंत याने फारसे बिघडत नाही. भरली आणि उरलेले दृश्य रॅममध्ये सांडले, की कार्डाला प्रत्येक वेळी त्या वाटेने जावे लागते, आणि ती वाट त्याच्या स्वतःच्या मेमरीच्या चौतिसाव्या हिश्श्याएवढ्या वेगाची आहे. ३०६० सोळाही वाटा वापरते आणि मुळात त्याला सांडण्याची वेळ उशिरा येते. म्हणजे ज्याचे कोठार लहान, त्याचाच रस्ताही अरुंद.

बेतूलचा वारा

मी कॉम्प्युटर दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे वेगाच्या वादात पडत नाही. वीज आणि हवा, या दोनच बाबींवर लिहितो.

६०० व्हीएचे घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॅटचे असतात. हिशेब करा. रायझन ५ ३६०० पूर्ण भारावर ८८ वॅटपर्यंत घेतो. बोर्ड, रॅम, डिस्क आणि पंखे मिळून ५० धरू. ३०६० चे १७०. एकूण ३०८. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीकडून ३६२ वॅट ओढले जातील, आणि मॉनिटरचे ३० मिळवले की ३९२. यूपीएस त्याच क्षणी ओरडून बंद पडेल. तेच ४०६० असेल तर २५३ चे २९८ होतात आणि मॉनिटरसह ३२८, म्हणजे यूपीएसच्या आत. या एका बाबीत ४०६० निर्विवाद सरस आहे.

मात्र त्यावर उपाय आहे. आफ्टरबर्नरसारख्या प्रोग्रॅममधून ३०६० ची वीजमर्यादा ७५ टक्क्यांवर आणली की कार्ड १२८ वॅटच्या आसपास थांबते आणि एकूण बेरीज ३४३ वर येते. वेग त्या प्रमाणात घटत नाही, काही टक्क्यांनीच उतरतो, कारण वरचे शेवटचे वॅट हे शेवटच्या थोड्याशा वेगासाठी जळत असतात. विजेच्या बिलाची चिंता मात्र कोणी करू नये. ५५ वॅटचा फरक, रोज चार तास, वर्षाचे तीनशे दिवस: ६६ युनिट होतात. एसएमपीएस मात्र बदलाच. दोन्ही कार्डांसाठी कंपनी ५५० वॅटचा सुचवते, आणि आपला ४५० चा जुना आहे असे आपणच लिहिले आहे.

आता हवा. आमच्या किनाऱ्यावरच्या घरांतून जी कार्डे दुरुस्तीला येतात, त्यांतल्या निम्म्यांचा आजार मला उघडण्यापूर्वीच कळतो: मागच्या पत्र्यावर तांबूस ठिपके, स्लॉटच्या सोनेरी पट्ट्यांवर मळकट थर आणि कूलरच्या तांब्याच्या नळीवर हिरवट पूड. खारा वारा आणि पावसाळ्याची दमट हवा. जे कॉम्प्युटर रोज अर्धा तास का होईना चालू राहतात, ते आतल्या उबेने कोरडे राहतात. जे मृगापासून चतुर्थीपर्यंत झाकून ठेवले जातात, तेच जास्त येतात. फोंड्याला समुद्र दूर आहे, पण दमट हवा आहेच.

३०६० सेकंडहँड घेण्याचा मोह झाला तर हे सगळे पाहून घ्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते कार्ड इथेरियम हे आभासी चलन खणण्यासाठी रात्रंदिवस राबलेले असू शकते. ते खणणे सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झाले आणि त्यानंतर अशी कार्डे बाजारात ढिगाने आली. मेमरीखालचे थर्मल पॅड (उष्णता कूलरकडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) सुकलेले असतील तर खर्च आलाच. मी स्वतः एकदा अशा कार्डाला ‘घरात फक्त पत्ते खेळलेले’ या भरवशावर पैसे मोजले आहेत. उघडल्यावर पॅड विभूतीसारखे बोटांवर आले.

चित्ररथवाला, फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. कुळागर सरांनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री बसून गेल्या वर्षीच्या चित्ररथाचे एकेक टेक्श्चर मोजले. उत्तर थोडे लाजिरवाणे आहे, पण लिहितो.

४के ची ७८ आणि ८के ची ९ टेक्श्चरे निघाली. पहिल्यांचे ४९९२ एमबी, दुसऱ्यांचे २३०४, मिळून ७२९६ एमबी. प्रोसेसरवरच्या रेंडरमध्ये पीक आकडा ८.९ जीबीचा आला, म्हणजे आकृत्या आणि बाकी पसारा मिळून वरचे पावणेदोन जीबी झाले. दृश्य चार जीबीच्या कार्डात का मावले नाही, हे आता विचारायची गरज उरली नाही.

लाजिरवाणे अशासाठी की ८के च्या नऊपैकी तीन टेक्श्चरे ट्रॉलीच्या फळ्यांना लावलेली होती. सुरेख सागवानी पोत, एकेक रेषा दिसेल अशी. आणि त्या फळ्या चित्रात कुठेच दिसत नाहीत, कारण त्यांच्यासमोर चारही बाजूंनी कापडाची झालर सोडलेली आहे. आणखी एक ८के ढगांवर होते. नागाचे खवले मात्र खरोखरच जवळून दाखवायचे होते.

मग प्रयोग म्हणून ८के ची सगळी ४के वर आणली आणि ७८ पैकी मागे राहणारी चाळीस २के वर. नवी बेरीज ३६४८ एमबी, म्हणजे बरोबर निम्मी. चित्रात फरक शोधायला मला स्वतःला दोन्ही फ्रेम एकमेकांवर ठेवाव्या लागल्या. आता माझा प्रश्नच बदलला आहे: दृश्य असे आवरून घेतले तर ते ८ जीबीतही बसते. मग ४०६० च घ्यावे का? ते वेगवान आहे आणि माझ्या यूपीएसवरही चालते.

कुळागर

आपण मोजलेत याचा आनंद झाला. झालरीमागचे सागवान अनेकांच्या दृश्यांत असते, फक्त ते मोजत नाहीत.

आता उत्तर आपल्या कामाच्या पद्धतीवर आले आहे, कार्डांवर राहिलेले नाही. दृश्य नेहमी आवरून ठेवण्याची शिस्त आपल्यात असेल, तर ४०६० तेच काम कमी वेळात आणि कमी विजेत करील, आणि तेव्हा मी ३०६० सुचवणार नाही. ब्लेंडरच्या सिम्प्लिफाय विभागात टेक्श्चरची कमाल मर्यादा ठरवता येते, तेव्हा प्रत्येक फाइल हाताने लहान करण्याचेही कारण नाही. मात्र ती मर्यादा सगळ्यांना सरसकट लागते. नागाच्या खवल्यांना वेगळा न्याय द्यायचा असेल तर हातानेच करावे लागते.

पण शिगम्याच्या आदल्या आठवड्याचा विचार करा. मंडळाचा एक कार्यकर्ता रात्री दहाला येऊन सांगतो की मागे आणखी दोन हत्ती हवेत, आणि सकाळी चित्र हवे. त्या रात्री आपण टेक्श्चर आवरत बसणार की हत्ती आणून बसवणार? १२ जीबीचा उपयोग त्या रात्री होतो.

दुसरे असे की आपले संकलनाचेही काम आहे. रिझॉल्व्हमध्ये साधी जोडकामे ८ जीबीत आरामात होतात, पण रंगमंचावरच्या अंधाऱ्या प्रवेशांत नॉइज रिडक्शन (दाणे घालवण्याची सोय) लावले, त्यावर मॅजिक मास्क (माणूस आपोआप वेगळा निवडणारे साधन) चढवला आणि टाइमलाइन ४के ठेवली, की मेमरी भरल्याचा संदेश तिथेही येतो. नाटकांना उपशीर्षके द्यायचा विचार असेल तर ओपनएआयच्या व्हिस्पर या प्रतिलेखन-प्रणालीचे मराठी तिच्या मोठ्या मॉडेलवर सर्वांत बरे उतरते, आणि त्या मॉडेलला मूळ रूपात सुमारे १० जीबी मेमरी लागते. त्याची आटवलेली रूपे ८ जीबीत चालतात, पण ती आपापली जुळवून घ्यावी लागतात.

बी४५० चा मुद्दा आहेच. या तिन्ही गोष्टी धरून आपल्या जागी मी असतो तर ३०६० घेतले असते, नवे आणि पक्क्या बिलासह. खेळासाठी विचारणाऱ्याला मात्र मी डोळे झाकून ४०६० सांगितले असते. मांडवीकाठ यांचे मत त्यांच्या कामापुरते बरोबरच आहे.

एक सावधगिरी. ऑक्टोबर २०२२ पासून ३०६० ची ८ जीबीचीही एक आवृत्ती आहे. तिच्यावरही मोठ्या अक्षरांत ३०६० असेच लिहिलेले असते, पण बस १२८ बिटची आणि बँडविड्थ केवळ २४० जीबी प्रतिसेकंद. कॅशही जुन्या पिढीची लहान. म्हणजे दोन्ही कार्डांतले उणे तेवढे उचललेले. खोक्यावर १२ जीबी आणि १९२ बिट हे दोन्ही वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

मांडवीकाठ, पणजी

रात्री दहाच्या हत्तींपुढे मी माझे मत मागे घेतो. नरकासुराच्या रात्री आमच्या वाड्यावरही असेच असते.

चित्ररथवाला, फोंडा

अठरा दिवसांनी पुन्हा लिहीत आहे, कारण अशा चर्चांत शेवटी काय घेतले आणि ते कसे चालले हे लोक लिहीत नाहीत आणि नंतर वाचणारा अधांतरी राहतो.

३०६० घेतले, १२ जीबीचे. त्याच मडगावच्या दुकानात खोक्यावरचे आकडे मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा दुकानदाराने पहिल्यांदाच विचारले की तुमचे काम काय आहे. सोबत ५५० वॅटचा एसएमपीएस घेतला. कार्ड बसवताना ते माझ्या जुन्या कॅबिनेटमधल्या हार्डडिस्कच्या पिंजऱ्याला दोन बोटे टेकले. पिंजरा चार स्क्रूंनी धरलेला होता, तो काढून डिस्क खालच्या पत्र्यावर बसवली. घरी मोजमाप करून जायला हवे होते.

आता आकडे. गेल्या वर्षीचे तेच दृश्य, काहीही न आवरता, ऑप्टिक्सवर (ब्लेंडरमधून एनव्हिडियाच्या कार्डावर रेंडर करण्याच्या सोयीवर) लावले. प्रोसेसरवर अकरा मिनिटे घेणारी फ्रेम ३८ सेकंदांत झाली. टास्क मॅनेजरमध्ये कार्डाची मेमरी ९.४ जीबी भरलेली दिसत होती, म्हणजे ८ जीबीत हे दृश्य आहे तसे बसले नसतेच. आवरलेले दृश्य लावले तेव्हा आकडा साडेपाचच्या आसपास राहिला आणि फ्रेमला ३६ सेकंद लागले. याचा अर्थ आवरण्याने वेग वाढत नाही, जागा मोकळी होते, एवढे मला कळले.

वीजमर्यादा बेतूलच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे ७५ टक्क्यांवर ठेवली आहे आणि त्या स्थितीत आवरलेल्या दृश्याचीच फ्रेम ३८ सेकंद घेते. पहिल्या दिवशी मर्यादा न लावता रेंडर सुरू करून मुद्दाम भिंतीवरचे बटण बंद केले, तर यूपीएसने एकच शिटी मारून सगळे अंधारात टाकले. मर्यादा लावून पुन्हा केले, तर तीन मिनिटे तग धरली. रेंडर थांबवून फाइल जतन करायला तीन मिनिटे पुरतात.

रिझॉल्व्हमध्ये तीन कॅमेऱ्यांची टाइमलाइन अजूनही अडखळते. माझे दोन कॅमेरे ४:२:२ चेच निघाले. प्रॉक्सी रात्री लावून ठेवतो.

मांडवीकाठ, पणजी

अभिनंदन. ते जुने १०५० टीआय विकणार असाल तर माझ्या मावसभावाला हवे आहे. त्याच्या कॅबिनेटमध्ये वीजेची वेगळी जोडणी नाही आणि ते कार्ड स्लॉटच्या ७५ वॅटवरच चालते, म्हणून.

चित्ररथवाला, फोंडा

क्षमा असावी, ते विकणार नाही. रायझन ५ ३६०० मध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाही, त्यामुळे नवे कार्ड कधी दुरुस्तीला गेले तर पडद्यावर काहीच उमटणार नाही. मागे एकदा एक कार्ड वॉरंटीत पाठवले होते, ते परत यायला अडीच महिने लागले आणि त्या वर्षीच्या दोन जत्रांची नाटके मी दुसऱ्याच्या घरी बसून जोडली. १०५० टीआय प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या चार पुड्यांसह घालून कपाटात ठेवले आहे. मावसभावासाठी कोणाकडे दिसले तर इथेच कळवतो.